नसलेल्या नाचघराची वाट

न्यूयॉर्कला जाऊन आलेल्या माणसाला लोक विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिलात का? एम्पायर स्टेटच्या माथ्यावर चढलात का? मी पुतळा पाहिला, माथ्यावरही गेलो. पण त्या दोहोंबद्दल इतक्यांनी इतके लिहून ठेवले आहे की माझ्या वाट्याला काही शिल्लकच नाही. मला सांगायचे आहे ते एका अशा जागेबद्दल, जिथे पाहण्यासारखे काही नाही. हार्लेम वस्तीत लेनॉक्स ॲव्हेन्यू नावाचा एक रुंद रस्ता आहे. त्यावर १४० व्या आणि १४१ व्या रस्त्यांच्या दरम्यान एके काळी ‘सॅव्हॉय बॉलरूम’ नावाचे नाचघर होते. ते १९५८ साली बंद पडले आणि लवकरच पाडलेही गेले. ते पाहायला म्हणून मी आणि माझा चौदा वर्षांचा भाचा मे महिन्यातल्या एका रविवारी घरून डबा घेऊन निघालो. नसलेली इमारत पाहायला डबा बांधून जाणारे तुम्हीच पहिले, असे माझी धाकटी बहीण म्हणाली. डबा अर्थात तिनेच भरून दिला होता.

बहीण न्यूजर्सीत एडिसनला राहते. तिथे मराठी माणसे इतकी, की वाण्याच्या दुकानात भाजणी मागताना इंग्रजी बोलावे लागत नाही. तिचा मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. ट्रॉम्बोन हे पितळेचे एक लांबोडके वाद्य. त्याला पडदे नाहीत की कळा नाहीत. नळी मागेपुढे सरकवून स्वर आपला आपण शोधायचा. सरोदवाल्याची अडचण आणि तुतारीवाल्याचा दम, दोन्ही एकाच माणसाच्या कपाळी! रोज संध्याकाळी तळघरातून त्याचा रियाज ऐकू येई, आणि चहा घेता घेता मला वाटे, पोरगा बरा वाजवतो की.

एका संध्याकाळी तो कागद घेऊन वर आला.

“मामा, यात माझं काय चुकतंय ते सांग ना. सर म्हणतात सूर बरोबर आहेत, मोजणी बरोबर आहे, पण स्विंग होत नाही. आठ बार मला एकट्याला दिलेत. जमलं नाही तर दुसऱ्याला देणार.”

स्विंग म्हणजे झोका, एवढे मला शब्दकोशामुळे ठाऊक होते. मी मराठीचा मास्तर. पाश्चात्त्य स्वरलेखन मला मोडीपेक्षाही परके. पण कागद हाती आला की तो आधी कोणी लिहिला हे पाहायचे, ही खोड जुनी. उजव्या कोपऱ्यात चार नावे होती. बेनी गुडमन, चिक वेब, एडगर सॅम्प्सन आणि अँडी रझाफ. रचनेचे नाव ‘स्टॉम्पिन् ॲट द सॅव्हॉय’. एका नाचाच्या तुकड्याला चार कर्ते! पोथीच्या पुष्पिकेत इतकी नावे आढळली असती तर मी पहिला संशय घेतला असता. इथेही घेतला, आणि पुढचे दहा दिवस बहिणीच्या गावच्या वाचनालयात मुक्काम ठोकला. ग्रंथपालबाईंनी मला पुस्तकांबरोबर तबकड्याही काढून दिल्या.

तिथे जे वाचले आणि ऐकले त्यातले थोडे इथे सांगितले पाहिजे, नाहीतर नाचघराची महती कळायची नाही.

जॅझ हे संगीत न्यू ऑर्लिअन्स शहरातल्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवले. सुरुवातीला पाच-सहा जणांचा ताफा असे, आणि सगळेच एकदम आपापल्या बुद्धीने विस्तार करीत. पण १९२० नंतर मोठ्या शहरांत नाचायला प्रचंड दालने उभी राहिली. ध्वनिवर्धक तेव्हा बाल्यावस्थेत. हजार जोड्या नाचताहेत तिथे सहा वाद्यांचा आवाज कोणाला ऐकू जाणार? म्हणून वाद्ये वाढली. वाद्ये वाढल्यावर सगळ्यांनी मनास येईल ते वाजवून भागेना. म्हणून कोणी काय वाजवायचे ते लिहून देणारा माणूस आला. त्याला अरेंजर म्हणतात. बिग बँड म्हणजे हा लिहून दिलेला वाद्यमेळ. एका फळीत ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये, दुसऱ्या फळीत सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट, आणि मागे तालाचे चौघे: पियानो, गिटार, मोठे बास आणि ड्रम. चौदा-पंधरा जण एकूण.

या मेळाला आकार देणाऱ्यांत फ्लेचर हेंडरसन हे नाव मोठे आहे. गृहस्थ रसायनशास्त्राचा पदवीधर. १९२० साली जॉर्जियाकडून न्यूयॉर्कला आला तो रसायनशास्त्रासाठीच. पण काळ्या माणसाला त्या क्षेत्रात दारे बंद होती, म्हणून पियानोवर बसला. त्याचा बँड ‘रोझलँड’ नावाच्या नाचघरात वाजवी, जिथे नाचणारे फक्त गोरे. १९२४ साली लुई आर्मस्ट्राँग त्याच्या बँडमध्ये येऊन वर्षभर राहिला. हेंडरसनचा साथीदार डॉन रेडमन याने दोन फळ्यांना एकमेकींशी बोलायला लावले. ट्रंपेटांनी काही म्हणावे, सॅक्सोफोनांनी उत्तर द्यावे. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती उचलून धरावी, तसेच अगदी. मधून मधून एखादा वादक उभा राहतो आणि लिहिलेले सोडून स्वतःचे वाजवतो. बाकीचे त्याच्या पाठीमागे एक छोटीशी सुरावट घोळत राहतात. त्या सुरावटीला रिफ म्हणतात. कॅन्सस सिटीहून आलेल्या काउंट बेसीच्या बँडने तर कित्येकदा कागदच नको म्हटले. रिफवर रिफ रचून तोंडीच अख्ख्या रचना उभ्या केल्या.

आणि स्विंग? ते कागदावर नसते. कागदावर दोन सारख्या लांबीचे स्वर लिहिलेले असतात; वाजवताना पहिला थोडा रेंगाळतो आणि दुसरा मागाहून चटकन येतो. किती रेंगाळतो, याचे माप नाही. लय संथ असेल तर जास्त, द्रुत असेल तर कमी. मला आमच्या वर्गातली गोष्ट आठवली. लघु-गुरूंची गणिते चोख सोडवणारा विद्यार्थी भुजंगप्रयात म्हणायला उभा राहतो, आणि वृत्त अगदी निर्दोष पण श्लोक मेलेला. छापलेल्या ओवीचेही तसेच. जाते फिरवणाऱ्या हाताचा जोर कुठे पडतो आणि कुठे सुटतो, हे ज्याने पाहिले नाही त्याला ती कागदावरून वाचता येईल, म्हणता येणार नाही.

हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, “मामा, पण मग जातं कुठे आहे?”

त्याचा प्रश्न बरोबर होता. या संगीताचे जाते म्हणजे नाचणाऱ्यांचे पाय. आणि ते जिथे फिरले ती जागा कागदाच्या मथळ्यावरच छापलेली होती. आम्ही हार्लेमला गेलो ते यासाठी.

एडिसनहून आगगाडीने पेन स्टेशन, तिथून भुयारी रेल्वेने उत्तरेकडे. १३५ व्या रस्त्याच्या स्टेशनातून वर आलो की एका बाजूला हार्लेम हॉस्पिटल आणि समोर शोमबर्ग ग्रंथालय. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे असे दुसरे भांडार क्वचितच असेल. कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी याच इमारतीच्या फरशीखाली ठेवल्या आहेत. कवीला ग्रंथालयात चिरविश्रांती! आपल्याकडे कवीला फार तर चौकाला नाव मिळते, तेही नगरसेवकाच्या मर्जीने. रविवार असल्यामुळे आत जाता आले नाही. बाहेर चर्चमधून सुटलेल्या बायका भारी टोप्या घालून चालल्या होत्या. ऊन कोवळे होते. आम्ही उत्तरेकडे चालू लागलो.

सॅव्हॉय उघडले ते १२ मार्च १९२६ रोजी. संगमरवरी जिन्याने वर गेले की रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले दालन, चकचकीत लाकडी जमीन, आणि एका बाजूला एक नव्हे तर दोन व्यासपीठे. एका बँडने विसावा घ्यायचा तर दुसऱ्याने लगेच सुरू करायचे; नाच थांबता कामा नये. मालक मो गेल हा गोरा आणि व्यवस्थापक चार्ल्स बुकॅनन हा कृष्णवर्णीय. आणि मुख्य गोष्ट ही, की इथे काळे आणि गोरे एकाच जमिनीवर नाचत. ही गोष्ट किती मोठी, ते कळण्यासाठी फक्त दोन रस्ते पुढे जायला हवे. त्याच लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १४२ व्या रस्त्याशी ‘कॉटन क्लब’ होता. ड्यूक एलिंग्टनचे नाव तिथूनच रेडिओवर देशभर गेले. व्यासपीठावर सगळे काळे कलावंत. समोर टेबलांशी बसणारे सगळे गोरे. हार्लेमच्या माणसाला हार्लेममधल्याच त्या क्लबात गिऱ्हाईक म्हणून शिरता येत नसे. १९३६ साली तो हार्लेम सोडून गेला. दोन्ही जागांमधले अंतर आम्ही पावलांनी मोजले. तीन मिनिटे लागली.

सॅव्हॉयचा राजा म्हणजे चिक वेब. बॉल्टिमोरचा. लहानपणी मणक्याचा क्षय झाल्यामुळे पाठीला कुबड, उंची जेमतेम चार फूट. ड्रमच्या पायट्यांपर्यंत पाय पोचावे म्हणून त्या खास करवून घेतलेल्या. सतत दुखणारी ती पाठ घेऊन हा माणूस उंच चौथऱ्यावर बसे आणि सबंध दालन हलवून सोडी. त्याच्या बँडमध्ये १९३५ साली एक पोरकी, अव्यवस्थित कपड्यांतली अठराएक वर्षांची मुलगी गायला आली. तिचे नाव एला फिट्झजेराल्ड. यापुढे तिच्याबद्दल काही सांगायची गरज नसावी.

सॅव्हॉयमध्ये बँडांच्या झुंजी लागत. दोन व्यासपीठे, दोन बँड, आणि निकाल नाचणाऱ्यांचा. सगळ्यांत गाजलेली झुंज ११ मे १९३७ ची, चिक वेब विरुद्ध बेनी गुडमन. गुडमन हा शिकागोच्या गरीब ज्यू वस्तीतून वर आलेला, विलक्षण ताकदीचा क्लॅरिनेटवादक. १९३५ च्या ऑगस्टात लॉस एंजेलिसच्या पालोमार नाचघरात तरुणांनी त्याला डोक्यावर घेतले आणि वृत्तपत्रे त्याला स्विंगचा राजा म्हणू लागली. त्याचा रेडिओवरचा कार्यक्रम न्यूयॉर्कात मध्यरात्रीनंतर लागे, तेव्हा पोरे झोपलेली असत. पण पश्चिम किनाऱ्यावर घड्याळ तीन तास मागे, त्यामुळे तिकडच्या पोरांनी तो ऐन वेळी ऐकला होता. माणसाचे नशीब घड्याळाच्या फरकानेही उघडते! पण तो वाजवत होता त्यातल्या कितीतरी रचना विकत घेतलेल्या होत्या, आणि त्या लिहिणारा होता आपला रसायनशास्त्रज्ञ फ्लेचर हेंडरसन. त्याचा स्वतःचा बँड तोवर डबघाईला आलेला. गुडमन लुच्चा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. हेंडरसनचा तो उघड गौरव करी, आणि टेडी विल्सन व लायनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना त्याने आपल्याबरोबर व्यासपीठावर बसवले. त्या काळी ते सोपे नव्हते. तरी कीर्ती कोणाची झाली ती झालीच.

त्या रात्री आत चार हजार माणसे आणि बाहेर परत पाठवलेली त्याहून जास्त, असे सांगतात. राजा कोण ते सॅव्हॉयच्या नाचणाऱ्यांनी ठरवले. चिक वेब जिंकला. गुडमनचा ड्रमवादक जीन क्रूपा, जो स्वतः त्या वेळी देशाचा लाडका होता, त्याने वेबपुढे मान लववली. दोन वर्षांनी, १९३९ च्या जूनमध्ये, वेब वारला. वय अवघे चौतीस.

आता कागदावरच्या चार नावांचे कोडे सांगतो. ‘स्टॉम्पिन् ॲट द सॅव्हॉय’ ही चाल रचली एडगर सॅम्प्सन याने. तो वेबच्या बँडमधला सॅक्सोफोनवादक आणि अरेंजर. वेबने ती १९३४ साली ध्वनिमुद्रित केली. गाजली ती १९३६ साली, गुडमनने वाजवल्यावर. बँडच्या मालकांची नावे चालीवर चढली, ही त्या काळची रीत. रझाफने शब्द लिहिले. म्हणजे चाल करणारा एकटाच, आणि तोच चौघांत सर्वांत अपरिचित. १६ जानेवारी १९३८ रोजी गुडमनचा बँड कार्नेगी हॉलमध्ये, म्हणजे अभिजात संगीताच्या देव्हाऱ्यात, बसला, तेव्हा पहिली रचना वाजली तीही सॅम्प्सनचीच, वेबच्या बँडसाठी केलेली. आणि त्याच रात्री इकडे सॅव्हॉयमध्ये वेब आणि बेसी यांची झुंज होती! कार्नेगीतले वादक कार्यक्रम आटपून धावत इथे ऐकायला आले. कार्नेगीत श्रोते खुर्चीवर बसले होते. इथे उभे राहून निकाल द्यायचा होता.

आम्ही पोचलो तेव्हा तिथे सॅव्हॉयच्या जागी विटांच्या उंच बहुमजली चाळी होत्या, थोडी हिरवळ, आणि २००२ साली बसवलेला एक स्मृतिफलक. भाच्याने फलकाचा फोटो घेतला, मग माझ्याकडे पाहिले. इतक्या दूर येऊन एवढेच? मलाही तेच वाटत होते. पण मामाने तसे म्हणायचे नसते. आम्ही बाकावर बसून डबा उघडला.

शेजारच्या बाकावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. काठी, पांढरे हातमोजे, डोक्यावर जांभळी टोपी. थालीपिठाचा वास त्यांच्यापर्यंत गेला असावा. मी एक पुढे केले. त्यांनी ते नीट चावून खाल्ले, तिखट आहे म्हणाल्या, आणि आणखी एक घेतले. मग विचारले, इथे कशाला आलात? भाच्याने सांगितले.

“माझी आई इथे यायची,” त्या म्हणाल्या. “दर गुरुवारी. डाउनटाउनला एका घरी ती स्वयंपाकाला होती. गुरुवारी दुपारनंतर घरकामाच्या बायकांना सुट्टी. म्हणून गुरुवारची रात्र त्यांची. ‘किचन मेकॅनिक्स नाइट’ म्हणायचे तिला.”

स्वयंपाकघरातल्या मेस्त्रींची रात्र! नाव मी पुस्तकात वाचले होते आणि विनोद म्हणून सोडून दिले होते.

“सहा दिवस गुडघ्यांवर बसून दुसऱ्यांच्या फरश्या पुसायची,” त्या म्हणाल्या, “आणि सातव्या दिवशी ही फरशी. तिच्यावर गुडघे टेकायचे नाहीत, पाय टाकायचे. मी स्वतः दोनदाच गेले. मग बंदच पडलं.”

या नाचणाऱ्यांनी एक नाच घडवला, लिंडी हॉप नावाचा. लिंडबर्गने १९२७ साली अटलांटिक ओलांडला, त्या उड्डाणावरून नाव पडले अशी कथा आहे. जोडीदाराला खांद्यावरून उलटे भिरकावून पुन्हा तालात पायावर उतरवायचे, ही उडी पहिल्यांदा घेणाऱ्यांत फ्रँकी मॅनिंगचे नाव घेतात. बँड बघायचा या पावलांकडे, पावले ऐकायची बँडला. काळ पालटला तेव्हा मॅनिंग पोस्टात नोकरीला लागला आणि तीसेक वर्षे तिथेच राहिला. म्हातारपणी जगाने त्याला पुन्हा शोधून काढले आणि तो मरेपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, देशोदेशी नाच शिकवत हिंडला.

बिग बँडांचा काळ मात्र फिरून आला नाही. युद्धात वादक सैन्यात गेले. पेट्रोल आणि टायर यांवर बंधने आल्यामुळे गावोगाव फिरणे बंद झाले. १९४२ मध्ये वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला आणि तेवढ्यात गायक पुढे निघून गेले. १९४४ मध्ये नाचघरांवर जबर कर बसला. पंधरा माणसांचा पगार कोण देणार? १९४३ मध्ये तर सॅव्हॉयलाच सहा महिने टाळे होते, नीतीच्या कारणासाठी. काळे-गोरे एकत्र नाचतात हीच ती अनीती, असे हार्लेमला तेव्हा वाटले.

बाईंनी भाच्याला म्हटले, “तुझा तुकडा म्हण.”

तो लाजला. मग तोंडाने म्हणू लागला, मांडीवर बोटाने मोजत. दोन ओळींतच त्यांनी हात वर केला.

“तू मोजतोयस. मोजू नकोस, चाल.” आणि काठी टेकत त्या उठल्या. फलकापासून कोपऱ्याकडे त्या सावकाश चालू लागल्या, आणि दर दुसऱ्या पावलाला काठीची टोक. भाचा बरोबर चालत म्हणू लागला. मी मागून टाळी धरली. त्या थांबल्या, वळल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “साहेब, तुम्ही चुकीच्या ठिकाणी वाजवताय.”

आपल्याला टाळी समेवर द्यायची सवय. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सम मोकळी सोडायची! मी तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा समेवर येऊन आदळलो. चाळीस वर्षांचे भजन हातातून एका दुपारी जात नाही. भाचा हसू लागला, आणि हसता हसता त्याच्या तोंडून तो तुकडा निघाला तो जरा निराळा निघाला. मला संगीत कळत नाही. पण श्लोक जिवंत झाला की कळते.

परतीच्या गाडीत मला आमचे घर आठवत होते. तीर्थरूपांना ख्याल आणि नाट्यगीत वर्ज्य नव्हते. बाकीचे सगळे ‘नाचाची गाणी’. रेडिओवर सी. रामचंद्रांचे ‘अलबेला’तले काही लागले की ते उठून कळ फिरवीत. पुणतांब्याचे हे रामचंद्र चितळकर. त्या १९५१ च्या चित्रपटात त्यांच्या सोबतीला होता हळदोण्याचा ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन आला, आणि चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेल्या गोव्याच्या पोरांनी ही विद्या उचलली. पुढे हेच लोक हिंदी चित्रपटांत अरेंजर झाले. चाल एकाची, वाद्यमेळ लिहिणारा दुसरा. पडद्यावर त्या दुसऱ्याचे नाव शोधावे लागे. इकडचे सॅम्प्सनच ते. वडिलांनी कळ फिरवली तेव्हा मीही त्यांच्या बाजूने मान हलवली होती. त्या वेळी माझा पाय काय करत होता, ते आठवत नाही.

शाळेचा कार्यक्रम जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला. आठ बार भाच्यालाच मिळाले होते. आम्ही चौथ्या रांगेत होतो. तो उठून उभा राहिला तेव्हा बहिणीने माझे दोन्ही हात धरून ठेवले. “दादा, टाळ्या मध्येच वाजवू नकोस हं.” चौदा वर्षांचा पोरगा, नळी पुढे सरकली, पहिला स्वर जरा खाली लागला. मग तो बँडच्या पायाखाली कुठेतरी जाऊन उभा राहिला असावा. आमच्यापुढच्या रांगेत एक आजोबा बसले होते, बहुधा दुसऱ्या कोणाचे. त्यांच्या काळ्या बुटाची टाच उचलली जाऊन खाली येऊ लागली. पोराकडे पाहायचे सोडून मी आठही बार त्या बुटाकडे पाहत होतो.